जुन्या घाटाचा टोस्टर : निवड आणि वापर

गोलसर कडा, क्रोमची चकचकीत पट्टी, बाजूला मोठे फिरते बटण आणि क्रीम, पिस्ता किंवा लालभडक रंग असे १९४०-५० च्या दशकांतले रूप घेऊन आलेले टोस्टर आता आपल्याकडच्या दुकानांतही सर्रास दिसतात. साध्या टोस्टरपेक्षा ते कधी दुप्पट, तर कधी दहापट महाग असतात. या जादा पैशांत बहुतेक वेळा आपल्याला मिळते ते बाहेरचे कवच, कारण आतली तार, टायमर आणि स्प्रिंग पुष्कळदा साध्या टोस्टरमध्ये असतात तशीच असतात. त्यामुळे असा टोस्टर आतून बाहेर या क्रमाने निवडावा. आधी खाच आणि खटका पाहावा, मग विजेचा भाग, त्यानंतर कवच कशाचे आहे ते, आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा. दुकानात नेमके उलटे घडते, आणि रंगावर जीव जडला की बाकीचे प्रश्न विचारायचे राहून जातात.

हा लेख उभ्या खाचांच्या, भाजून झाल्यावर ब्रेड वर उचलणाऱ्या टोस्टरविषयी आहे. गॅसवर धरायचा ॲल्युमिनियमचा सँडविच टोस्टर ही वेगळी वस्तू आहे, आणि भाजी भरलेले सँडविच हवे असेल तर तोच घ्यावा, कारण उभ्या खाचेत सारण घातलेले काहीही घालता येत नाही.

या घाटाचे मूळ

विजेचा टोस्टर व्यवहार्य झाला तो नायक्रोममुळे. निकेल आणि क्रोमियमच्या या मिश्रधातूचे पेटंट आल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले आणि लाल होईपर्यंत तापूनही न जळणारी तार हाती आली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९०९ मध्ये आणलेल्या ‘डी-१२’ टोस्टरमध्ये उघड्या तारा आणि ब्रेड टेकवायची जाळी एवढेच होते. एक बाजू भाजली की ब्रेड हाताने फिरवावा लागे. ब्रेड आपोआप वर उचलणाऱ्या यंत्राचे पेटंट चार्ल्स स्ट्राइट यांना १९२१ मध्ये मिळाले आणि १९२६ मध्ये घरगुती ‘टोस्टमास्टर’ बाजारात आला. आज रेट्रो म्हणून जी गोलाई विकली जाते ती त्यानंतरची आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरचा सनबीम कंपनीचा अर्धगोलाकार, क्रोमचा ‘टी-९’ हा तिचा ठळक नमुना.

आज या घाटाचे जे नवे टोस्टर मिळतात, त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार इटलीतल्या स्मेगसारख्या कंपन्यांचा आहे. ही कंपनी १९४८ पासूनची असली तरी तिची पन्नाशीच्या दशकाच्या शैलीतली छोटी उपकरणे २०१४ पासूनची आहेत. त्यांचे कवच रंगवलेल्या पोलादी पत्र्याचे असते आणि किंमत मुख्यतः रूपाची आणि जडणघडणीची असते. दुसरा प्रकार ब्रिटनच्या ड्युअलिटचा. हा टोस्टर दिसायला चौकोनी आणि दणकट असतो, त्याचा टायमर हाताने फिरवायचा असतो, आणि वेळ संपली की तो ब्रेड वर फेकत नाही. तारा बंद होतात आणि आपण खटका दाबेपर्यंत टोस्ट आत गरम राहतो. त्याच्या तापणाऱ्या पट्ट्या सुट्या बदलता येतात, हा त्याचा खरा गुण आहे. तिसरा आणि आपल्याकडे सर्वाधिक खपणारा प्रकार म्हणजे नेहमीच्या टोस्टरवर जुन्या घाटाचे कवच चढवलेला. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत त्या मानाने असावी.

पहिली पायरी : घरातला ब्रेड मोजा

टोस्टर पाहायला जाण्यापूर्वी घरी नेहमी येणारा ब्रेड पट्टीने मोजावा. लांबी आणि उंची तर मोजावीच, पण जाडी विसरू नये. बेकरीतला साधा ब्रेड बहुतेक खाचांत बसतो, मात्र सँडविचसाठी मिळणारे मोठे चौकोनी स्लाइस अनेक दोन खाचांच्या टोस्टरमध्ये वरून बोटभर बाहेर राहतात आणि तेवढी पट्टी पांढरी ती पांढरीच राहते. रेट्रो टोस्टरच्या बाबतीत हे अधिक तपासावे लागते, कारण कवच फुगीर असल्यामुळे बाहेरून यंत्र मोठे दिसते आणि आतली खाच मात्र नेहमीच्याच मापाची असू शकते.

पाव खाणाऱ्या घरांसाठी खाचेची रुंदी निर्णायक ठरते. लादीपाव आडवा चिरला तरी त्याचा प्रत्येक भाग अडीच-तीन सेंटिमीटर जाड भरतो. खाच तीन सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर तो दाबून घालावा लागतो, आतल्या जाळीत अडकतो आणि करपतो. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासची खाच असेल तर पाव मोकळा उतरतो. अशा रुंद खाचेत पातळ स्लाइस एका बाजूला कलंडू नये म्हणून दोन्हीकडून जवळ येणाऱ्या तारांच्या जाळ्या असतात. खटका खाली दाबला की त्या आत सरकतात. दुकानात खटका दाबून, वरून डोकावून त्या दोन्ही बाजूंनी सारख्या सरकतात का ते पाहावे. ब्रुन पावाचे मात्र या यंत्रात काही जमत नाही. त्याचा कडक पापुद्रा तडकून आत चुरा होतो, त्यामुळे तो तव्यावरच गरम करावा.

दोन खाचा की चार, हा प्रश्न माणसे किती आहेत यापेक्षा ती एकाच वेळी खायला बसतात का यावर सोडवावा. चौघे चार वेगळ्या वेळांना नाश्ता करणार असतील तर चार खाचांचा टोस्टर ओट्यावरची जागा उगाच अडवतो. एक लांब खाच असलेला टोस्टर अरुंद ओट्यावर भिंतीलगत बसतो आणि त्यात लांबट आकाराचा हातकापा ब्रेडही जातो.

दुसरी पायरी : आत काय चालते ते समजून घ्या

टोस्टरच्या आत अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर नायक्रोमची चपटी तार गुंडाळलेली असते. खटका खाली नेला की ब्रेडची चौकट खाली जाते, तारांत वीज वाहू लागते आणि एक छोटा विद्युतचुंबक खटक्याला खालीच धरून ठेवतो. टायमरने वेळ पुरी केली की चुंबकाची वीज तुटते आणि स्प्रिंग चौकट वर ढकलते. वीज नसताना खटका खाली राहत नाही तो यामुळेच, आणि म्हणूनच दुकानात खटका टिकत नसेल तर यंत्र नादुरुस्त आहे असे समजण्यापूर्वी प्लग लावून दाखवायला सांगावे.

यातून वापराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निघते. बटणावरचे १ ते ६ आकडे तापमानाचे नसून वेळेचे असतात. तारा नेहमी तेवढ्याच तापतात, फक्त कमी किंवा जास्त वेळ चालू राहतात. त्यामुळे एकाच आकड्यावर शिळा, कोरडा ब्रेड लवकर काळवंडतो, ताजा आणि ओलसर ब्रेड फिका राहतो, आणि साखर जास्त असलेला दुधाचा किंवा गोडसर ब्रेड बघता बघता करपतो. ब्रेडचा पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्यातली शर्करा आणि प्रथिने यांच्यात अभिक्रिया सुरू होते. खमंग वास आणि तांबूस रंग येतो तो तिच्यामुळेच. आधी पाणी उडून जावे लागते आणि त्यातच निम्मीअधिक वेळ जाते.

खरेदीच्या वेळी तपासण्याजोग्या सोयी मोजक्याच आहेत. मध्येच थांबवण्याचे बटण हवेच. खटका नेहमीच्या जागेपेक्षा थोडा आणखी वर उचलता येत असेल तर छोटा स्लाइस हाताला येतो. ही सोय क्षुल्लक वाटते, पण तिच्या अभावी लोक सुरी घालतात. गोठवलेल्या ब्रेडसाठी वेगळे बटण असेल तर टायमर वेळ वाढवून देतो. काही यंत्रांत एकच बाजू भाजायचे बटण असते. त्यात फक्त एका बाजूच्या तारा पुरेपूर तापतात, आणि चिरलेल्या पावाला ते फार सोयीचे पडते, कारण चिरलेली बाजू कुरकुरीत होते आणि पाठ मऊ राहते. कोणत्या तारा तापतात हे माहितीपुस्तिकेत पाहून त्या बाजूला चिरलेला भाग करावा. काही रेट्रो टोस्टरवर उरलेली वेळ दाखवणारी काट्याची तबकडी असते. ती शोभेची वाटली तरी कामाची आहे, कारण त्याच वेळात अंडे तव्यावर घालायचे असेल तर अंदाज घ्यावा लागत नाही.

तिसरी पायरी : वीज आणि जागा

दोन खाचांचे टोस्टर साधारणपणे ७०० ते ९५० वॅटचे असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ९५० वॅट म्हणजे सुमारे ४ अँपिअर, आणि ६ अँपिअरच्या नेहमीच्या पॉइंटला ते झेपतात. चार खाचांचा १५०० वॅटचा टोस्टर मात्र साडेसहा अँपिअर घेतो. त्याला मिक्सरचा पॉइंट चालत नाही, फ्रिज-गिझरसारखा १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो. एक्स्टेन्शन बोर्डवर टोस्टर आणि किटली दोन्ही लावण्याची सवय अनेक घरांत आहे, ती मोडावी. टोस्टरची वायर मुद्दामच आखूड दिलेली असते, कारण ओट्यावरून लोंबणारी लांब वायर मुलांच्या हाताला लागते. त्यामुळे टोस्टर ठेवायची जागा पॉइंटजवळच ठरवावी.

कवच धातूचे असल्याने अर्थिंगचा मुद्दा रेट्रो टोस्टरला जास्त लागू पडतो. प्लास्टिकच्या कवचाला चुकून तार टेकली तरी धक्का बसण्याचा संभव कमी असतो. पोलादी किंवा क्रोमच्या कवचाला टेकली तर ते सगळेच्या सगळे जिवंत होते. प्लग तीन पिनांचाच हवा आणि घरातल्या पॉइंटला खरोखर अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे. जुन्या चाळींत आणि इमारतींत तिसरे भोक नुसतेच नावाला असते. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ‘आयएस ३०२’ आहे. खोक्यावर आणि यंत्राच्या तळाला आयएसआय चिन्ह, व्होल्ट आणि वॅट छापलेले आहेत का, ते पाहूनच पैसे द्यावेत.

विजेच्या बिलाची चिंता मात्र करू नये. रोज पाच मिनिटे चालणारा ८०० वॅटचा टोस्टर महिनाभरात दोन युनिटच जाळतो.

जागा निवडताना वरचे कपाट, पडदा आणि नळ यांपासून टोस्टर दूर राहील असे पाहावे. खाचांमधून निघणारी धग थेट वर जाते, त्यामुळे लॅमिनेटच्या कपाटाखाली रोज टोस्ट केला तर काही महिन्यांत त्याची कड फुगते. एक हात नळावर आणि दुसरा टोस्टरवर एकाच वेळी पोचणार नाही, इतके अंतर ठेवावे.

कवच : क्रोम, रंग आणि आपले स्वयंपाकघर

हे टोस्टर ज्या स्वयंपाकघरांसाठी घडले तिथे रोज फोडणी होत नाही. आपल्याकडे मोहरी तडतडली की तेलाचे बारीक तुषार शेगडीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत उडतात आणि त्यांच्यासोबत हळदही. क्रीम किंवा पांढऱ्या कवचावर हा थर पहिल्या आठवड्यात दिसत नाही. पण टोस्टर तापतो तेव्हा तो थर पक्का बसतो आणि महिन्याभरात कवचाला चिकट, पिवळसर झाक येते, मग ती नुसत्या ओल्या फडक्याने जात नाही. म्हणून क्रीम रंग आवडला असेल तर टोस्टर शेगडीच्या ओट्यावर न ठेवता जेवणाच्या टेबलाजवळ ठेवावा. जागा शेगडीजवळच असेल तर गडद हिरवा, निळा, काळा किंवा लाल रंग घ्यावा.

हळदीचा डाग पडलाच तर यंत्र थंड असताना, प्लग काढून, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसावा. राहिलेली पिवळी छटा घासत बसू नये. हळदीतले रंगद्रव्य उन्हात विटते, त्यामुळे कोरडा केलेला टोस्टर काही तास उन्हाच्या खिडकीत ठेवला की छटा बरीच फिकी होते.

क्रोमचा शत्रू वेगळा आहे. मुंबई, रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी क्रोमचा मुलामा दिलेला टोस्टर घेताना दोनदा विचार करावा. खाऱ्या दमट हवेत मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आतला पत्रा गंजू लागतो आणि वर सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उठतात. तारेची घासणी लावली की ती छिद्रे वाढतात. अशा ठिकाणी स्टेनलेस स्टील किंवा पावडर कोटिंग केलेले कवच बरे. पुणे, नाशिक, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या हवेत क्रोम खुशाल घ्यावे आणि मऊ कोरड्या फडक्याने पुसत राहावे. भपकेबाज क्रोमची पट्टी प्रत्यक्षात रंगवलेले प्लास्टिक असण्याचा संभव स्वस्त टोस्टरमध्ये बराच असतो. नखाने हलके टकटक केले की आवाजावरून कळते.

पहिला दिवस

नवा टोस्टर घरी आल्यावर खाचांत राहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे, प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या काढाव्यात, चुऱ्याचा ट्रे ओढून पाहावा आणि मग खिडक्या उघडून टोस्टर रिकामाच सर्वांत वरच्या आकड्यावर दोन-तीन वेळा चालवावा. कारखान्यात तारांवर लागलेले संरक्षक तेल आणि धूळ जळून थोडा धूर आणि वास येतो, हे अपेक्षित आहे. वास दोन-तीन फेऱ्यांनंतरही येत राहिला किंवा तो प्लास्टिक वितळल्यासारखा असेल तर यंत्र परत करावे, वापरत बसू नये.

रोजचा वापर

घरच्या ब्रेडसाठी योग्य आकडा एकदाच शोधावा. मधल्या आकड्यापासून, म्हणजे सहापैकी तीनपासून, सुरुवात करून दोन्ही खाचांत स्लाइस घालावेत आणि फिके वाटले तर पुढच्या वेळी अर्ध्या आकड्याने वाढवावे. तेच स्लाइस पुन्हा पूर्ण वेळ भाजू नयेत, ते हमखास करपतात. फार तर पुन्हा खाली नेऊन वीस-तीस सेकंदांत थांबवण्याचे बटण दाबावे. पहिल्या फेरीनंतर टोस्टरचे अंग तापलेले असते, त्यामुळे लगोलगच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीला आकडा थोडा खाली आणावा लागतो. एकच स्लाइस भाजायचा असेल तर काही टोस्टरवर त्यासाठी विशिष्ट खाचेवर खूण असते, तीच वापरावी.

रंग सोनेरी झाला की थांबावे. पिठूळ पदार्थ जास्त भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड हे घातक मानले जाणारे द्रव्य वाढते. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१७ मध्ये लोकांना सोनेरी रंगावरच थांबण्याचा सल्ला दिला होता, तो याच कारणाने. काळी कड खरवडून खाण्यापेक्षा आकडा कमी करणे सोपे आहे.

लोणी, तूप, चीज, जॅम यांतले काहीही खाचेत जाण्यापूर्वी लावू नये. वितळलेले तूप तारांवर आणि ट्रेवर ठिबकते, पुढच्या फेरीला धुरावते आणि कधी पेटतेही. लसूण-लोणी लावलेला पाव हवा असेल तर आधी कोरडा भाजून मग वरून लावावा. कालची पोळी दुमडून टोस्टरमध्ये गरम करण्याचा प्रकारही टाळावा, कारण ती खाचेत उलगडून तारांना चिकटते.

टोस्ट बाहेर आल्यावर थेट सपाट ताटलीत ठेवला तर त्यातून निघणारी वाफ खालीच अडकते आणि मिनिटभरात तो तळाकडून मऊ पडतो. इंग्रजांच्या टेबलावर टोस्ट उभे ठेवायची तारेची जाळी असते ती यासाठीच. ती नसेल तर दोन स्लाइस एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करावेत आणि लोणी खायच्या क्षणीच लावावे.

सफाई आणि पावसाळा

चुऱ्याचा ट्रे रोज टोस्ट होत असेल तर आठवड्यातून एकदा तरी ओढून झटकावा. साचलेला चुरा करपट वास देतो आणि आगीचे कारणही ठरतो, शिवाय मुंग्या आणि झुरळे यांना तो ऊबदार अन्नसाठा वाटतो. रात्री टोस्टरच्या आत शिरणारी झुरळे ही शहरी स्वयंपाकघरातली नेहमीची तक्रार आहे, आणि तिच्यावर उपाय फवारणीचा नाही. टोस्टरमध्ये कीटकनाशक कधीही मारू नये. ते तारांवर बसते आणि सकाळी ब्रेडला लागते. ट्रे रिकामा ठेवावा, थंड झालेल्या टोस्टरवर कापडी झाकण घालावे, आणि सकाळी ते काढल्याशिवाय प्लग लावू नये. ट्रेच्या पलीकडे अडकलेला चुरा प्लग काढून, यंत्र उलटे करून हलकेच हलवून पाडावा किंवा कोरड्या मऊ ब्रशने काढावा. आत पाणी किंवा ओले फडके नेऊ नये.

पावसाळ्यात बरेच दिवस न वापरलेला टोस्टर सुरू केल्यावर घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, कधी कधी खाली पडतो. दमट हवेत आतल्या भागांत ओल धरली की थोडी वीज कवचाकडे गळते आणि सुरक्षा यंत्रणा आपले काम करते. अशा वेळी यंत्र एक-दोन दिवस कोरड्या जागी ठेवून पुन्हा पाहावे. तरीही पडत असेल तर ते दुरुस्तीला द्यावे, अर्थिंगची पिन काढून चालवण्याचा उद्योग कोणाच्याही सांगण्यावरून करू नये.

ब्रेड अडकला तर आधी भिंतीवरचा प्लग काढावा, यंत्र थंड होऊ द्यावे आणि मग लाकडी चिमट्याने तो सोडवावा. खटका वर आला म्हणजे तारा निर्जीव झाल्या असे गृहीत धरून धातूचा चमचा किंवा सुरी आत घालणे अत्यंत धोक्याचे आहे. आतला ब्रेड पेटला तर बटण बंद करून प्लग काढावा, पाणी ओतू नये, पेटता ब्रेड बाहेर ओढू नये. वीज तुटली की इंधन थोडेच असते, आणि धातूच्या कवचात ते बहुधा आपोआप विझते. आग बाहेर येताना दिसली तर मात्र घरातल्यांना घेऊन बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.

खरोखरीचा जुना किंवा परदेशातून आणलेला टोस्टर

अमेरिकेतून येताना आवडीने आणलेला टोस्टर १२० व्होल्टचा असतो. प्लगचा अडॅप्टर लावून तो इथे चालवला तर दाब जवळपास दुप्पट होतो आणि तारेत निर्माण होणारी उष्णता सुमारे पावणेचौपट. ९०० वॅटचे यंत्र ३३०० वॅट ओढू पाहते आणि तार काही क्षणांत वितळते. त्याला टोस्टरच्या वॅटपेक्षा जास्त क्षमतेचा व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, जो टोस्टरपेक्षा जड आणि ओट्यावर ठेवायला गैरसोयीचा असतो. ब्रिटन, युरोप किंवा आखाती देशांतला २२०-२४० व्होल्टचा टोस्टर मात्र चालतो. त्याचा प्लग इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावा, आणि बदलताना अर्थिंगची तार जोडली जाते आहे हे समोर उभे राहून पाहावे.

चोरबाजारात किंवा जुन्या घरांच्या लिलावात मिळालेला पन्नाशीच्या दशकातला टोस्टर दिसायला कितीही देखणा असला तरी त्याची कापडी वायर कुजलेली असू शकते, प्लग दोनच पिनांचा असतो आणि जुन्या उपकरणांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस हे, तंतू श्वासात गेल्यास घातक ठरणारे, खनिज वापरलेले असण्याची शक्यता असते. तो घरी उघडून साफ करत बसू नये. जाणकाराकडून वायर, प्लग आणि अर्थिंग नव्याने करून घेता येत नसेल, तर वायर कापून तो फडताळात शोभेसाठी ठेवावा आणि ब्रेड भाजायला दुसरा घ्यावा.